कडी काढ

आमच्या शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात 'कडी' या शब्दाचे पाच अर्थ दिले आहेत आणि पाचही मी लिहिलेले आहेत. पहिला: दार बंद ठेवण्यासाठी कोयंड्यात अडकवायचा धातूचा आकडा. दुसरा: झोपाळा, पेटी इत्यादींना असते ते वळे. तिसरा: 'हातकडी' या समासात, बेडी. चौथा: 'कडी करणे' या प्रयोगात, आधीच्या सर्वांवर मात करणे, बहुधा मूर्खपणात. पाचवा: साखळीचा एक घटक. पाचव्या अर्थाला उदाहरणवाक्य नाही. पानाच्या तळाशी जागा उरली नव्हती, आणि उदाहरण द्यावे असे काही त्यात आहे असे मला वाटले नाही.

ज्या माणसाच्या तोंडी हा पाचवा अर्थ चाळीस वर्षे रोज होता, तो मी ती नोंद लिहीत असताना भिंतीपलीकडे उकिडवा बसून कुणाच्या तरी सायकलचे चाक फिरवून पाहत होता. ते माझे वडील. पुढच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत जो अरुंद बोळ आमच्या घरात आहे, तेच त्यांचे दुकान. धाकटी बहीण आणि मी त्या बोळाच्या जिवावर जेवलो आणि शिकलो. मला ते पंडित म्हणत आणि तो बहुमान नव्हता. "पंडित, ते पान सोड, हा पाना धर," हे मी परीक्षेच्या दिवसांत इतक्या वेळा ऐकले की पुढे कोशात 'पाना' लिहिताना माझा हात क्षणभर अडखळला. तिथेही मी उदाहरण दिले नाही.

गेल्या वर्षी बाबांच्या मेंदूत गुठळी अडकली. उजवी बाजू लुळी पडली; पाय पुढे सावरला, हात सावरला नाही. वाचा गेली. वाचा जाते म्हणजे माणूस मुका होतो, असे ज्यांनी पाहिलेले नसते त्यांना वाटते. प्रत्यक्षात शब्दांचे कपाट जागच्या जागी असते, फक्त किल्ली हरवते, आणि एखादा खण चुकून उघडा राहिलेला असतो. बाबांच्या उघड्या खणात 'हो' होते, 'अरे' होते, आणि काही महिन्यांनी त्यात एक अख्खे वाक्य सापडले: "कडी काढ."

त्याच्या नऊच दिवस आधी मी त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली होती. ते एका सकाळी अनवाणी निघून गेले होते आणि दोन रस्ते पलीकडे, एका परक्या सायकलची सीट डाव्या हाताने घट्ट धरून उभे असलेले सापडले. सायकलचा मालक भला माणूस होता; त्याने फक्त शिव्या दिल्या. कडी बसवताना मी पाच स्क्रूंपैकी दोन वाकडे पिळले. बाबा पलंगावर बसून बघत होते. माझ्या हातचे काम ते ज्या नजरेने नेहमी बघत, त्याच नजरेने.

तेव्हा नऊ दिवसांनी ते "कडी काढ" म्हणाले, तर त्याचा अर्थ लावायला कोशकाराची गरज नव्हती. ती गरज नसताना कोशकार घरात होता, हे आमचे दुर्दैव.

कोशाचे कार्यालय बंद होऊन चिठ्ठ्यांची कपाटे माझ्या घरी आली, त्याला तीन वर्षे झाली होती. शब्द कुणी, कुठे, कोणत्या प्रसंगी वापरला, ते पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर लिहायचे आणि अर्थाखाली लावायचे, हीच माझी हयात. सवयीने मी बाबांच्या वाक्याच्याही चिठ्ठ्या करू लागलो. तारीख, वेळ, दार बंद की उघडे, सोबत काही हावभाव. प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात, नियमाप्रमाणे, अर्थाचा क्रमांक: एक.

हावभाव एकच होता. वाक्य म्हणताना ते डाव्या हाताचे एक बोट वर करीत. बोटे पुरती उलगडत नसत, त्यामुळे ते नेमके कोणते बोट, हे सांगणे अवघड होते. मला ते करंगळीसारखे वाटले. शाळेत आम्ही सगळेच करंगळी वर करून एकीला जात असू. मी त्यांना दर वेळी दंडाला धरून संडासात नेई. ते तिथे भांड्यासमोर उभे राहत, काही करीत नसत, आणि मान वळवून माझ्याकडे बघत. चिठ्ठीवर मी लिहिले आहे: 'प्रयोजन विसरतात.'

धाकटी दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या एका कारखान्यात कामाला जाते. बाबांनी तिच्यासाठी जोडलेल्या सायकलवरून सकाळी आठ चाळीसला निघते, संध्याकाळी सहा दहाला परत येते. घरात हात चालतात ते तिचेच. माझ्याविषयी ती एवढेच म्हणते की म्हातारपणी मला दात तरी फुकट मिळतील.

बाबांचे काय करायचे, हा प्रश्न डॉक्टरांनी काढला. आरोग्य खात्याची एक तपासणी असते. रुग्णाच्या बोलण्यात अर्थ शिल्लक आहे असे ठरले, तर रोज दोन तास एक शिक्षिका घरी येते आणि रुग्ण घरीच राहतो. अर्थ शिल्लक नाही असे ठरले, तर संस्थेच्या बंद वॉर्डात खाट मिळते. खाट नाकारता येते, पण मग पुन्हा कधी मिळत नाही.

"तपासणी नको," धाकटी म्हणाली. "आहेत तसे राहू देत. तू दिवसभर घरीच तर असतोस."

"मी दिवसभर घरी कामात असतो."

"तेच म्हणतेय. घरी असतोस."

"त्यांना शिक्षिका मिळाली तर त्यांचंच भलं आहे."

"आणि नाही मिळाली तर तुझं."

 मला चौथा खंड पुरा करायचा होता, हे तिला माहीत होते.

"त्यांना कळतं सगळं, दादा. परवा मी चहात साखर विसरले तर कप परत केला त्यांनी."

"साखर कळणं वेगळं आणि वाक्य कळणं वेगळं."

"तुझ्यासाठी असेल."

तपासनीस बाई गुरुवारी अकराला आल्या. सर्दी झालेली, सौजन्यशील, हातात चित्रांची फाईल. बाबांच्या खोलीचे दार मी स्टूल लावून सताड उघडे ठेवले होते. बाई पलंगासमोर बसल्या आणि त्यांनी एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. चमचा. कंगवा. छत्री.

"आजोबा, हे काय आहे?"

बाबांनी छत्रीकडे एखाद्या आऊट होऊन डुगडुगणाऱ्या चाकाकडे बघावे तसे बघितले आणि नजर काढून घेतली. बाईंनी फुली मारली. किल्ली, फुली. घड्याळ, फुली. अकरा फुल्या झाल्या तेव्हा धाकटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावतपळत आली. पुढचे दार उघडून तिने सायकल बोळात घेतली, आणि त्याबरोबर तो पत्र्याचा खडखडाट आत आला, ज्याबद्दल मी तिला तीनदा बोललो होतो, कारण लिहिताना मला त्याचा त्रास होत असे.

बाबा ताठ झाले. डावा हात वर आला, त्यातले एक बोट वर आले.

"कडी काढ."

बाईंनी वळून दाराकडे पाहिले. "दार उघडंच आहे, आजोबा."

"कडी काढ," बाबा मोठ्याने म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "अरे, कडी काढ."

"हे नेहमीच असं?" बाईंनी मला विचारले.

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी जणू तीन महिने थांबलो होतो. मी चिठ्ठ्यांचा खोका आणला. "आजची धरून एकेचाळीस नोंदी आहेत. त्यांपैकी सव्वीस वेळा दार उघडं होतं."

"उघडं असताना कडी काढ म्हणतात?"

"सव्वीस वेळा."

"आणि ते बोट?"

"लघवीला जायचं असतं. पण नेलं की जात नाहीत."

बाईंनी चिठ्ठ्या चाळल्या. "असे नातेवाईक मिळाले तर आमचं काम किती सोपं होईल," त्या म्हणाल्या आणि खोका आपल्या फाईलसोबत बांधून मागितला. मी प्रती ठेवून तो त्यांना दिला. मग त्यांनी निष्कर्षाच्या रकान्यात लिहिले: 'अर्थशून्य पुनरूक्ती.'

"रु ऱ्हस्व," मी म्हणालो.

त्यांनी आभार मानून दुरुस्ती केली. त्याखाली मी सही केली.

धाकटी दारात उभी होती. बाईंनी काय लिहिले ते तिने विचारले नाही. ती आत जाऊन बाबांच्या पायांशी बसली आणि त्यांची नखे कापू लागली.

मंगळवारी संस्थेची गाडी आली; तोवर धाकटी रजेवरच होती आणि सायकल भिंतीला लावलेली होती. धाकटी बाहेर कागदांवर सह्या करीत होती, मी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात बाबा असा बोळातून येत होतो. भिंतीला लावलेल्या सायकलशी बाबा थांबले. मोठ्या कष्टाने वाकले, डाव्या हाताचे बोट चेनखाली घातले आणि चेन वर उचलली. ती हातभर नाही, पण चांगली चार बोटे वर आली. त्यांनी माझ्याकडे बघितले.

"कडी काढ."

"पुढचं दार उघडंच आहे बाबा, चला."

ही बेचाळिसावी नोंद. ती मी केली नाही, कारण हात मोकळा नव्हता. गाडीतल्या मदतनिसाने त्यांच्या बोटाचे काळे कापसाने पुसले.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या कामाच्या दृष्टीने फार चांगले गेले. घरात कुणी मध्येच हाक मारीत नव्हते. मी 'ण' संपवला. 'ण'ला फारसे शब्द नसतात.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी धाकटी सायकल हाताने ढकलत घरी आली. तळहात सोलवटलेला, गुडघ्यावर कपडा फाटलेला, पोटरीवर चेनच्या तेलाचे दात उमटलेले.

"चेन पडली," ती म्हणाली. "उतारावर. या महिन्यात चौथ्यांदा. पायडल एकदम रिकामं झालं आणि मी थेट फूटपाथवर."

"कुणाला तरी दाखवायला हवी होती."

"कुणाला?" तिने नळाखाली हात धरला. "चेन इतकी ढिली झालीय. किती महिने कव्हरवर आपटतेय. बाबा धड असते तर केव्हाच एक कडी काढून मोकळे झाले असते."

पाणी चालू राहिले. तिने ते बंद केले नाही, आणि वळूनही पाहिले नाही. मग ती म्हणाली, "दादा."

"हो," मी म्हणालो.

मी चिठ्ठ्यांच्या प्रती काढल्या आणि टेबलावर वेळेप्रमाणे लावल्या. आठ एकोणचाळीस. आठ चाळीस. आठ बेचाळीस. सहा अकरा. सहा नऊ. एकेचाळीसपैकी एकही याबाहेरची नव्हती. अपवाद फक्त गुरुवारचा, अकरा वाजून वीस मिनिटांचा, आणि तेव्हा ती सायकल आत घेत होती. रविवारी सायकल जागची हलत नाही. रविवारची एकही चिठ्ठी नव्हती. प्रत्येक चिठ्ठीवर मी वेळ मिनिटापर्यंत लिहिली होती, सुवाच्य अक्षरात, काळ्या शाईने, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात लिहिले होते, एक.

"मला वाटायचं, मी निघाले की त्यांना माझ्याबरोबर यायचं असतं," धाकटी म्हणाली. "तूच सांगितलंस तसं. मला बघवायचं नाही म्हणून मी आणखी घाईनं निघायची." ती एक चिठ्ठी उचलून वाचू लागली. "'प्रयोजन विसरतात,'" ती म्हणाली आणि चिठ्ठी पालथी ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, आम्ही बोळात जुनी वर्तमानपत्रे पसरली आणि सायकल सीट नि हँडलवर उलटी उभी केली. बाबांचा हत्यारांचा डबा त्यांच्या पलंगाखालीच होता. धाकटीचा हात पट्टीत गुंडाळलेला, त्यामुळे काम माझ्याकडे आले. तिने फक्त सांगायचे होते, आणि तिने ते फारसे हातचे राखून केले नाही.

"आधी मागचं चाक मागं सरकतं का बघ."

चाकाचा आस खाचेच्या अगदी टोकाला पोचलेला होता. बाबांनी आजारापूर्वी जेवढे सरकवता येईल तेवढे सरकवून ठेवले होते. म्हणजे पुढचा उपाय एकच उरला होता, आणि तो त्यांना ठाऊक होता.

"आता लॉक काढ. ती छोटी क्लिप. पक्कड लाव, बोटानं काय काढतोस, ते पुस्तकाचं पान आहे का?"

क्लिप उडून वर्तमानपत्रावर पडली. लॉक, म्हणजे दोन टोके जोडणारी कडी, निघाले आणि चेन मोकळी झाली. ती मी रॉकेलमध्ये धुतली, फडक्याने पुसली आणि बाबांनी डब्यात ठेवलेल्या एका नव्या चेनशेजारी, कडीला कडी लावून, आडवी पसरवली. जुनी चेन दीड बोट लांब भरली. लहानपणी मी विचारले होते, चेन लांबते कशी? बाबा म्हणाले होते, "लोखंड काय रबर आहे का, पंडित? चेन लांबत नाही. आतल्या पिना झिजतात. एकेका सांध्याला केसाएवढं. शंभर सांधे झाले की मग तुला दिसतं." हे मला शब्दशः आठवले. माझ्या संग्रहात त्याची चिठ्ठी नाही.

नवी चेन तिथेच होती, पण ती लावायची दोघांनाही इच्छा झाली नाही. त्यांनी नवी चेन मागितली नव्हती.

मी चेनचे टोक एका जाड नटावर ठेवले, पिनेच्या डोक्यावर पोगर धरला, म्हणजे बोथट टोकाचा तो जाड खिळा, आणि हातोडी मारली. पहिला घाव अंगठ्यावर बसला. चौथ्या घावाला पीन हलली, सहाव्याला नटाच्या भोकातून खाली पडली आणि एक कडी सुटून माझ्या हातात आली. मी ती धाकटीला दाखवली. मग चेनची दोन्ही टोके जवळ आणली आणि लॉक घालू लागलो. ते जाईना. एका टोकाच्या पट्ट्या आत होत्या, दुसऱ्याच्या बाहेर, आणि लॉकच्याही बाहेरच.

"तू किती काढल्यास?" धाकटीने विचारले.

"एक."

ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आणि ते हसू चांगले नव्हते. "दादा, चेनच्या कड्या दोन जातीच्या असतात. आतली आणि बाहेरची. एकाआड एक. एकटी काढलीस तर जोडणार कशाला? एक कडी म्हणजे जोडी. बाबा कधी दोन म्हणायचे का? बोटही एकच दाखवायचे ना?"

"कोशात तसं नाही."

"कोशात लिहिलंय कोणी?"

मी दुसरी पीन पोगराने बाहेर काढली. बाहेरच्या दोन पट्ट्या सुट्या होऊन पडल्या. आता दोन्ही टोके आतली होती आणि लॉक निमूट बसले. क्लिप लावताना मी हात थांबवला, आणि आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "तोंड मागं." चाक ज्या दिशेने जाते तिकडे क्लिपची बंद बाजू असावी, उघडे तोंड मागे, नाहीतर क्लिप कशात तरी अडकून निघते. हे बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवीत, त्याने विचारलेले नसले तरी. एक सांधा आखडला होता. तो आडवा दाबून मोकळा केला. तेलाचे थेंब सोडले. मी पायडल हाताने फिरवले.

आवाज आला नाही. चाक फिरत राहिले आणि बोळात पूर्ण शांतता होती. मी तीनदा मागितली होती तीच.

वर्तमानपत्रावर पडलेले तुकडे मी पाकिटात घातले: एक आतली कडी, दोन पट्ट्या, दोन पिना. प्रत्येक पिनेला मधोमध नखाला लागेल एवढी खाच पडली होती.

सोमवारी मी तपासनीस बाईंना फोन केला आणि सगळे सांगितले. त्यांनी न तोडता ऐकले.

"तुमचं म्हणणं मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण ते वाक्य आता नोंदीत अर्थशून्य म्हणून गेलंय. फेरतपासणी सहा महिन्यांनी असते. त्यांनी नवीन एखादं वाक्य म्हटलं तर लवकर लावता येईल."

"त्यांच्याकडे तेवढं एकच वाक्य आहे."

"हो, तेच तर. आणि पुरावा म्हणून तुमच्याच चिठ्ठ्या जोडल्यात."

"त्या मी आता पुन्हा लावल्या आहेत."

"पुन्हा लावल्या म्हणजे?"

"पाचव्या अर्थाखाली."

 "तुम्ही दमला असाल," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच्या सहानुभूतीने त्यांनी एक वाट सुचवली. वॉर्डातल्या सिस्टरसमोर बाबांच्या हातात चेनचा तुकडा द्यायचा. तो बघून त्यांनी तेच वाक्य म्हटले आणि सिस्टरने 'वस्तूला उद्देशून, सार्थ' असे लिहून दिले, तर त्या पंधरा दिवसांत तपासणी लावतील. बाबा घरी येतील. "एकदाच पुरे," बाई म्हणाल्या. "पण नोंद स्वच्छ हवी."

बुधवारी दुपारी भेटीच्या वेळेला आम्ही गेलो. धाकटी सायकलवरून, मी चालत. बंद वॉर्डाच्या दाराला आतून मूठ नाही, कडी नाही, कोयंडा नाही. एक गुळगुळीत पत्रा आहे, आणि बाहेरून आकडे दाबले की दार आपले आपण सरकते. दाराशी एक मावशी स्टुलावर बसून असतात.

"बोलतात का काही?" धाकटीने त्यांना विचारले.

"आल्यापासून चकार शब्द नाही, ताई. आधी बोलायचे का?"

बाबा खिडकीकडे पाठ करून खाटेवर बसले होते. दाढी कुणीतरी दुसऱ्याने केलेली दिसत होती. सिस्टर कागद लावलेली पाटी घेऊन आल्या. वयाने लहान, बाईंचा निरोप मिळालेला, आणि मनापासून आमच्या बाजूने. "आजोबा, बघा कोण आलंय," त्या म्हणाल्या आणि लिहिण्यासाठी पेन उघडून थांबल्या.

धाकटीने पाकीट बाबांच्या डाव्या तळहातावर रिकामे केले.

त्यांनी आधी वास घेतला. मग अंगठ्याने कडी उलटी केली, बाजूला सारली आणि एक पीन उचलली. पिनेवरून अंगठ्याचे नख सावकाश फिरले, खाचेशी थांबले, पुन्हा मागे गेले, पुन्हा थांबले. त्यांच्या नाकातून एक छोटा आवाज आला. गिऱ्हाइकाने चेन फार उशिरा आणली की ते असाच आवाज करीत.

"बाबा," मी म्हणालो, "कडी काढली. एक. जोडी."

त्यांनी माझ्याकडे बघितले. खूप वेळ बघितले. मग पीन आपण होऊन माझ्या हातात ठेवली, कडी ठेवली, दोन्ही पट्ट्या ठेवल्या, काम झालेल्या माणसासारखा तळहात मांडीवर पुसला, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे, मावशींच्या मागच्या त्या गुळगुळीत पत्र्याकडे डोळे लावले. बोट वर केले नाही.

"कडी काढ," ते म्हणाले.

धाकटीने तोंडावर हात ठेवला. सिस्टर आनंदल्या, त्या बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या, डोळ्यांकडे नाही.

"बोलले," त्या म्हणाल्या. "अगदी स्पष्ट बोलले. चेनला उद्देशूनच ना?" त्यांचे पेन कागदावर टेकलेले होते. "तुम्ही जवळून बघत होतात. काय लिहू?"

यानंतर जे घडले त्याला विचार करण्याइतका वेळ लागला नाही. इतका वेळ लागला असता तर मी वेगळे बोललो असतो, असे मी स्वतःला सांगत असतो. ते कितपत खरे आहे, हे ठरवण्याचे साधन माझ्यापाशी नाही. त्या क्षणी मला एवढेच दिसले की चार महिन्यांत प्रथमच ते वाक्य पहिल्या अर्थाने उच्चारले गेले आहे, आणि प्रथमच तो अर्थ मला अचूक कळला आहे. कुणीतरी चुकीचा क्रमांक टाकायला निघाले होते.

"दाराला," मी म्हणालो.

सिस्टरचे पेन थांबले. "दाराला?"

"दादा," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली.

"पण या दाराला कडीच नाहीये," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा एकदा धाकटीकडे, जणू कुणीतरी त्यांना थांबवेल म्हणून. "चेनला म्हणाले असतील. नाही का? विचार करून सांगा."

मी तोंड उघडले. 'चेनला' हा शब्द तोंडात होता. पण बाबा पुन्हा म्हणाले, "कडी काढ. अरे, कडी काढ," आणि या वेळी ते दाराकडे बघतच उठून उभे राहिले, लुळा हात लोंबता, आणि चालू लागले. मावशींनी स्टुलावरून उठून त्यांना खांद्याला धरले. "कुठली कडी, आजोबा? इथं कडी नसते," त्या समजुतीने म्हणाल्या. सिस्टरांनी हे सगळे पाहिले. आता मला विचारण्याचे कारण उरले नव्हते. त्यांनी लिहिले, आणि मी ते उलट्या बाजूनेही वाचू शकलो. 'पुनरुक्ती' त्यांनी बरोबर लिहिले होते.

घंटा झाली. मावशींनी बाहेर हाक मारली, बाहेरून कुणीतरी आकडे दाबले, दार सरकले. आम्ही बाहेर पडेपर्यंत मावशींनी बाबांना दोन्ही हातांनी मागे धरून ठेवले होते. दार आवाज न करता मिटले.

फाटकाशी धाकटीने सायकलचे कुलूप काढले. तिने माझ्याकडे बघितले नाही. पट्टी बांधलेला हात तिने हँडलवर नीट बसवला.

"एवढं आयुष्य काढलंस, दादा," ती म्हणाली, "पण आज तू खरंच कडी केलीस."

ती सायकलवर चढली आणि निघाली. मी पाकीट खिशात घालून रस्त्याकडे पाठ करून उभा होतो. चेनचा आवाज येत नव्हता, त्यामुळे ती कोपऱ्यावरून केव्हा वळली ते मला कळले नाही.